दादूचा तास

आमच्या कोळीवाड्यात कुणाला उशीर झाला की लोक म्हणायचे, "काय रं, दादूचा तास झाला काय?" बाजारातून बाई उशिरा परतली, वरात रेंगाळली, भटजी वेळेवर आला नाही, की हेच. ज्यांनी दादूला कधी पाहिलं नव्हतं ती पोरंसुद्धा म्हणायची आणि हसायची. दादू माझा जावई. तो तास त्याच्या गळ्यात मी बांधला.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी आहे. खाडीतून वर तीन कोसांवर, म्हणजे सहा मैलांवर, बाजार. दवाखाना, कचेरी, मोठी शाळा, सगळं तिथे. बाजाराला जायचं तर आम्ही भरती धरतो. पाणी वर चढत असतं, होडी त्याच्याबरोबर तासाभरात पोचते. यायचं तर ओहोटी धरतो, पुन्हा एक तास. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ हलत नाही. त्या दिवसांत दीड तास लागतो. एवढं आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

पाण्याच्या उलट गेलं तर किती वेळ लागतो, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कारण उलट कोणी जातच नव्हतं. कशाला जाईल? पाणी सहा तासांनी आपणहून फिरतं. माणूस वाळूवर बसतो, विडी ओढतो, फाटलेलं जाळं सांधतो आणि पाणी फिरलं की निघतो. माझा बाप म्हणायचा, पाण्याशी भांडू नये, ते जेवढं घेतं तेवढं परत देतं. मी चाळीस वर्षं समुद्रावर गेलो, वीस वर्षं तांडेल म्हणून सुकाणू धरलं, आणि बापाचं हे बोलणं कधी तपासून पाहिलं नाही.

सन चोवीसची गोष्ट. कार्तिक वद्य द्वादशी. माझी एकुलती एक मुलगी राही पहाटे बाळंत झाली. मुलगी झाली. पोर धडधाकट होती, पण राहीचं रक्त थांबेना. गावातले सगळे पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेलेले. आठ दिवसांपूर्वी शिडाची काठी लागून माझा उजवा खांदा निखळला होता, हात गळ्यात बांधलेला, म्हणून मी घरी होतो. आणि बायको बाळंत व्हायची म्हणून दादू घरी होता.

दादू घरजावई. तो खाडीच्या वरच्या अंगाचा, तिवरांतल्या वस्तीतला. त्याच्याकडचे लोक चिखलात उतरून खेकडे धरतात, कोलंबी धरतात, थोडं भात लावतात. खोल समुद्रावर जात नाहीत. राहीने त्याला बाजारात पाहिलं आणि हट्ट धरला, म्हणून मी हो म्हणालो. पण मनातून मी त्याला कोळी मानत नव्हतो. चारचौघांत त्याला 'चिखल्या' म्हणायचो. तो हसून घ्यायचा.

दहा वाजायच्या सुमाराला सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "नामादादा, आता माझ्या हातचं न्हाय. डाक्टर आना."

दादू अंगणात उभा होता. त्याने एकदा खाडीकडे पाहिलं. नऊला भरती भरून गेली होती आणि पाणी बाहेर ओढायला लागलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "वहट लागलीया. मी खाराच्या बांधावरनं झपाझप चालत जातो. येताना बाजारातली होडी करतो आन डाक्टरला पान्याबरोबर घेऊन येतो."

खारजमिनीच्या बांधावरची वाटही सहा मैलांचीच. अरुंद, पण कोरडी आणि सरळ.

मी म्हणालो, "तांडेलाच्या दारात होडी बांधलेली हाय, आन तू चिखल तुडवत जानार? लोक म्हनतील, नामाचा जावई डाक्टरला आनाया गेला का खेकडं धराया?"

"मामा, पानी उलटं हाय."

"उलटं तर उलटं. जाताना घेईल तेवढं येताना देईल. वल्हं उचलाया जड वाटतं काय, जावईबापू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग होडी ढकलली. बंदरावरच्या नाक्यावर दहाचे टोले पडत होते.

मी किनाऱ्यावर उभा राहिलो. बारा वाजले. माझ्या हिशेबाने तो आता बाजारात पोचला असेल, एकला परत येईल. एक वाजला, खाडी रिकामी. नाक्याजवळ सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसत होते, त्यांना हाकलायचंही मला सुचत नव्हतं. मी दादूला शिव्या द्यायला लागलो, आधी मनात आणि मग मोठ्याने. दीड वाजता घरातून रडण्याचा आवाज आला. राही गेली.

दोनचे टोले पडताना होडी आली. बाणासारखी आली. डॉक्टर उडी मारून उतरले आणि घरात गेले. दादू होडीतच उभा राहिला. त्याच्या दोन्ही तळहातांची साल गेली होती, वल्ह्यांच्या मुठी रक्ताने लाल झाल्या होत्या. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मनात घेतलं नाही.

डॉक्टर बाहेर आले. कधी गेली, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "अर्धा-पाऊण तास आधी आलो असतो तर काहीतरी करता आलं असतं. हा माणूस माझ्याकडे एक वाजता आला. मी ताटावरून उठून तसाच निघालो."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. सहज बोलून गेले. पण माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. दहाला निघाला, एकला पोचला. तीन तास.

तेराव्याला जमात बसली. देवळापुढच्या पारावर तुळशीराम पाटील, बाकीचे पंच, मागे बायका. दादू समोर मांडी घालून बसला होता, हातांना फडकी बांधलेली. हिशेब मी मांडला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उभा राहिलो.

"भांगात किती लागतं? दीड तास. पान्याबरोबर किती? एक तास. म्हंजे पानी अर्धा तास देतं. मग उलट गेला तर किती घेईल? अर्धाच घेईल. दीड आन अर्धा, दोन तास. हा म्हनतो तीन लागलं. माझा एक तास कुठं गेला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या पारावर समुद्रावर जन्म काढलेले तीस-चाळीस लोक होते. एकालाही त्यात खोट दिसली नाही. खाडीच्या मध्यावर, काठालाच, एक माडीचं दुकान होतं. त्याचं नाव कुणी काढलं ते आठवत नाही. नाव काढायची गरजही नव्हती.

पाटलाने विचारलं, "दादू, वाटेत थांबलास काय?"

"न्हाय."

"मग तास कुठं गेला?"

दादूने बांधलेल्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, "ठाव न्हाय."

त्या 'ठाव न्हाय'वर तो बुडाला. दुसऱ्या दिवशी दोघे जण माडीवाल्याला विचारायला गेले. तो म्हणाला, "आला असंल. आमच्याकडं कोन येत न्हाय?" एवढ्यावर गावाचं समाधान झालं.

महिन्याभराने दादू गाव सोडून निघाला. पोरीला नेतो म्हणाला. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, दारुड्याच्या हातात माझ्या राहीची पोर देणार नाही. माझी बायको आवडाबाई आत शेळीचं दूध बोळ्याने पोरीला पाजत होती. ती एक शब्द बोलली नाही. दादू गेला.

पोरीचं नाव सगुणा ठेवलं. हुशार निघाली. गावची चौथी झाली तेव्हा मास्तरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं की हिला पुढे शिकवा. भरती-ओहोटी सांभाळून ती बाजारच्या शाळेत जाऊ लागली. तिथे एका पोराने तिला एकदा म्हटलं, "उशीर झाला व्हय? बापासारखी थांबलीस काय कुठं?" तिने त्याच्या डोक्यात पाटी घातली. पाटीचे दोन तुकडे झाले. घरी येऊन मला विचारलं, "आजा, बाबा खरंच माडी प्यायला थांबलेला?"

मी म्हणालो, "हिशेब खोटं बोलत न्हाय, बाळा."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

पुढे माझा गुडघा गेला. होडीत चढता येईना. दिवसभर ओट्यावर बसून माणूस काय करणार? सगुणा म्हणाली, "आजा, मी तुला शिकवते." मी अठ्ठावन्न वर्षांचा. माझ्या बोटांत दोर बसायचा, पाटीवरची पेन्सिल बसेना. दाबली की मोडायची. पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा एवढं छोटं नाव ठेवल्याबद्दल बापाचे उपकार मानले. वर्षभरात मी वाचायला लागलो. अडखळत, पण वाचायला लागलो. आणि गणित मला अक्षरांहून आवडायला लागलं. तोंडी हिशेब तर आधीपासून यायचा.

सन एकोणचाळीसचा माघ महिना. सगुणाची सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ओट्यावर बसून ती मोठ्याने उदाहरणं वाचायची, म्हणजे मलाही कळावीत.

त्या दिवशी तिने वाचलं, "एक नाव स्थिर पाण्यात ताशी पाच मैल जाते. नदीचा प्रवाह ताशी तीन मैल आहे. ती नाव प्रवाहाविरुद्ध आठ मैल जाऊन त्याच वाटेने परत आली, तर एकूण किती वेळ लागला?"

मी हसलो. "हे मला विचारतात व्हय? आठ जायाचं, आठ यायाचं, सोळा मैल. ताशी पाच. तीन तास आन वर बारा मिनिटं."

"आणि प्रवाह?"

"तो सोडून दे. जाताना घेतो, येताना देतो."

तिने पुस्तकाच्या मागचं पान उघडलं. "उत्तर पाच तास आहे, आजा."

"पुस्तक चुकलंय. लिहिनारा होडीत बसला नसंल कधी."

"पुस्तक नाही चुकलं." तिने पाटी पुढे ओढली. "हे बघ. उलट जाताना पाचातून तीन गेले, राहिले दोन. ताशी दोन मैलांनी आठ मैल, चार तास. परत येताना पाच आणि तीन आठ. आठ मैल, एक तास. झाले पाच."

मी पाटीकडे पाहत राहिलो. आकडे सरळ होते.

"घेतलं तीन, दिलं तीन," मी म्हणालो. "मग जास्तीचा वेळ गेला कुठं?"

"अरे आजा, पाणी वेळ घेत नाही. वेग घेतं. वेगातून तीन घेतं आणि वेगाला तीन देतं, ते बरोबर आहे. पण घेत असतं तेव्हा तू हळू चाललेला असतोस, म्हणून चार तास त्याच्या तावडीत असतोस. देत असतं तेव्हा तू जोरात असतोस, म्हणून त्याच्याबरोबर एकच तास असतोस. चार तास घेणार आणि एक तास देणार. फिटेल कसं?"

मी म्हणालो, "आपल्या खाडीचं करून दाखव."

"आपल्या खाडीचा प्रवाह कुणी मोजलाय?"

"कुनी न्हाय."

"मग त्याला क्ष म्हणायचं. ठाऊक नसेल त्याला क्ष म्हणायचं, मास्तर सांगतात."

"आमी त्याला नशीब म्हनायचो."

ती हसली आणि लिहायला लागली. मी सांगत गेलो. बाजार सहा मैल. भांगाच्या पाण्यात दीड तास, म्हणजे वल्ह्याचा वेग ताशी चार. पाण्याबरोबर एक तास, म्हणजे ताशी सहा. चार अधिक क्ष बरोबर सहा. क्ष म्हणजे दोन.

"आता उलट," ती म्हणाली. "चारातून दोन गेले, दोन. सहा भागिले दोन."

तिने तीन लिहिले आणि पेन्सिल तिथेच थांबली. तिने तोंड वर केलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती गोष्ट गावाने तिला इतक्या वेळा ऐकवली होती की त्यातले सगळे टोले तिला पाठ होते.

"दहाला निघाला," ती म्हणाली, "एकला पोचला." मग हळूच, "दोनला आला."

मी मान हलवली.

"आजा, बाबा थांबलाच नव्हता!"

ती उठली, पाटी घेऊन धावत सुटली. आळीत प्रत्येक दारात जाऊन ती ओरडून सांगत होती, माझा बाबा थांबला नव्हता, माझा बाबा थांबला नव्हता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढे पाटी नाचवत होती. चौदा वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

मी ओट्यावर एकटा बसलो. तिचं पुस्तक शेजारी पडलं होतं. कोपऱ्यात मोडक्या पाटीचा अर्धा तुकडा होता, तो घेतला. माझ्या हाताने दुसरं उदाहरण मांडलं. हे पुस्तकात नव्हतं. बांधावरून सहा मैल. तरणा माणूस झपाझप, मधेमधे पळत गेला तर ताशी चार मैल सहज. दीड तास. साडेअकराला बाजारात. तिथे दहा होड्या भाड्याने मिळतात. ओहोटी चालूच, डॉक्टरला घेऊन पाण्याबरोबर एक तास. साडेबारा.

साडेबारा. राही दीडला गेली.

मी हाताने तुकडा पुसला. आवडाबाई दारात उभी होती.

"काय पुसलंत?"

"काय न्हाय."

"मला अक्षर येत न्हाय," ती म्हणाली. "पन तो चालत जातो म्हनाला व्हता."

"तुला आठवतं?"

"मी दारात व्हते. चौदा वर्सं मी दारातच हाय."

मी म्हटलं, मग जमातीत का बोलली नाहीस. ती म्हणाली, "तुमी उभं राहून बोलत व्हता. तुमचं बोलनं संपलं तवा तो गेला व्हता." मग आत वळताना म्हणाली, "पोरीला सांगा."

सांगतो म्हणालो. त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोर आनंदात होती, परीक्षा तोंडावर होती, मला कारणांची कमी नव्हती.

मी पाटलाकडे गेलो. तुळशीराम पाटील आता म्हातारा झाला होता, कानाने कमी ऐकायचा. त्याच्यापुढे पाटी धरून मी सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नामा, तवा पन तूच हिशेब केलास, आमी म्हनलो बराबर. आता पन तूच केलास. कंचा धरायचा? आन आनखी पाच वर्सांनी तिसरा आनशील." पारावरचे लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारा शाळंत गेला आन जावई शुद्धीवर आला." पुन्हा हसले. जमातीने दादूचं नाव धुतलं नाही. पण कुणी अडवलंही नाही. त्यांना ती एक जुनी गंमत होती, आणि जुनी गंमत कोणी सहजासहजी टाकत नाही.

दादू उरणच्या मिठागरात कामाला आहे, असं मीठ भरायला येणाऱ्या गलबतावरच्या एका माणसाने मला पूर्वीच सांगितलं होतं. सात वर्षांपूर्वी. मला ठाऊक होतं. सगुणाला ते आता सांगितलं. परीक्षा झाल्याच्या चौथ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. करंजाला उतरलो आणि तिथून चालत गेलो. माझ्या गुडघ्यामुळे वेळ लागत होता. ती पुढे जायची, थांबायची, पुन्हा पुढे जायची. पाटी तिने फडक्यात बांधून छातीशी धरली होती. आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून.

ऊन डोक्यावर आलं होतं. मिठाचे पांढरे चौकोन डोळ्यांना सहन होत नव्हते. दादू एका चौकोनात उभा राहून लाकडी फळीने मीठ ओढत होता. चाळिशीचा माणूस, माझ्याहून म्हातारा दिसत होता. पाय खाऱ्या पाण्याने फाटलेले. जवळ गेल्यावर वास आला. दुपार व्हायच्या आधीच तो प्यायलेला होता.

त्याने मला ओळखलं. मग सगुणाकडे पाहिलं आणि फळी खाली ठेवली. राहीचा चेहरा तिच्यात होता, सांगायची गरज पडली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तू थांबला नव्हतास. हे बघ."

त्याला वाचता येत नव्हतं. तेव्हा ती खाली बसली आणि ओल्या चिखलावर बोटाने खाडी काढली. इथे गाव, इथे बाजार. मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाणी वेळ घेत नाही, वेग घेतं. तो उकिडवा बसून ऐकत होता. दोनदा त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं. शेवटी म्हणाला, "म्हंजे तीनच तास लागतात?"

"तीनच."

"मी थांबलो नव्हतो?"

"नाही, बाबा."

त्याने चिखलातल्या रेघेवरून बोट फिरवलं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "मधी कुठंतरी माझं वल्हं सुटलं असंल. घेरी आली असंल, डोळा लागला असंल. एवढी मानसं म्हनतात, तास गेला, तर कुठंतरी गेलाच असंल. रोज मी ती खाडी पुन्यांदा वल्हवली, पोरी. पार ह्या तिवरापासून त्या तिवरापर्यंत. तास काय सापडला न्हाय."

मी हे समजून चाललो होतो की त्याला खरं ठाऊक आहे आणि तो माझा राग धरून बसला आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. तोही आमच्यातलाच. घेतं तेवढं देतं, हे त्यानेही मानलं होतं.

मी म्हणालो, "चुकलं माझं, दादू."

"काय चुकलं, मामा?"

"हिशेब."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आन मी बांधावरनं चालत जातो म्हनलो व्हतो, ते?"

सगुणा म्हणाली, "काय?"

दादूला वाटलं तिला ठाऊक आहे. त्याच्या लक्षात आलं तसा तो गडबडला. "काय न्हाय ग. जुनी गोष्ट."

"आजा, बाबा काय म्हणाला होता?"

मग मला सांगावं लागलं. चिखलाचं, खेकड्यांचं, जावईबापूचं, सगळं. मी सांगत असताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, चिखलातल्या खाडीकडे पाहत होती. बांधाची वाट किती मैल, तिने विचारलं. मी म्हणालो, सहा. बाजारात होडी मिळते का लगेच? मिळते. तिने पाटी घेतली नाही, बोटही हलवलं नाही.

"साडेबारा," ती म्हणाली.

दूर मिठाच्या ढिगावर बायका टोपल्या ओतत होत्या, त्याचा सरसर आवाज येत होता.

"तुला ठाऊक होतं?" तिने मला विचारलं.

"माघापासनं."

"नाही," ती म्हणाली. "साडेबारा माघापासून. तो चालत जातो म्हणाला होता, ते?"

दादूच मध्ये पडला. "पोरी, जाऊ दे. म्हातारं मानूस हाय. आन माझं म्हनशील तर आता काय? तवा मी पीत नव्हतो. थेंब न्हाय. आता पितो. गाव काय खोटं म्हनत न्हाय आता."

तो हसला. दात किडलेले होते. सगुणाने त्याचा हात धरला आणि तळवा उलटा करून पाहिला. मिठाच्या भेगांत जुन्या खुणा शोधून सापडणार नव्हत्या.

त्या दिवशी ती माझ्याबरोबर परत आली. वाटेत मी पडू नये म्हणून मला हातही दिला. निकाल लागला, ती पास झाली. त्यानंतर आठ दिवसांनी आवडाबाईच्या पाया पडली, बोचकं उचललं आणि बापाकडे राहायला गेली. मी ओट्यावर होतो. म्हणाली, "येते." मिठागराच्या वस्तीत ती आता मजुरांच्या मुलींना अक्षरं शिकवते आणि दादूला भाकरी करून घालते. त्याची दारू सुटलेली नाही. आठवड्यातून दोनदा ती त्याला दुकानाच्या दारातून उठवून आणते, असं ऐकतो.

दर महिन्याला तिचं पत्र येतं. पत्रावर नाव आवडाबाईचं असतं. आवडाबाईला वाचता येत नाही आणि घरात वाचणारा मी एकटा. ती भिंतीला टेकून बसते, मी डोळ्यांशी कागद धरतो. "आजीस सगुणाचा दंडवत. मी बरी आहे. बाबांना ताप होता, उतरला. तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस का?" गुडघा माझा गेला आहे, आवडाबाईचा नाही. पण तिचेही गुडघे आता दुखायला लागलेत, ते पोरीने जाताना पाहिलं असेल. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. माझं नाव कुठे नसतं. कागद उलटून मागची बाजूही पाहतो.

आवडाबाई म्हणते, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो.